पार्किंगमधली ११ मांजरं: घर कोणाला शोधायचं आणि कोणाला नाही

प्रश्न थोडक्यात असा: “ठाण्यात घोडबंदर रोडला आमची ७० फ्लॅटची सोसायटी आहे. पार्किंगमध्ये ११ मांजरं आहेत. त्यात एक पर्शियन, गेल्या महिन्यात भाडेकरू सोडून गेलेली. कमिटी म्हणते, सगळी पोत्यात भरून येऊरच्या जंगलात सोडून येऊ. आम्ही पाचजणी त्यांना खायला घालतो. सगळ्यांना घरं मिळवून द्यायची आहेत. सुरुवात कुठून करू?”

ताई, तुमच्या प्रश्नातलं ‘सगळ्यांना’ तेवढं सोडून बाकी सगळं पटलं. मी पुण्यात, कोथरूड-कर्वेनगरच्या पट्ट्यात १४ वर्षं हे काम करतेय. पहिली ३ वर्षं माझाही हट्ट हाच होता. पिल्लं गोळा करायची, बाथरूममध्ये वाढवायची, ओळखीपाळखीत वाटायची. आणि आमच्या मागच्या बोळातली एकच तिरंगी मांजरी चार महिने झाले की नवं वेत आणून ठेवायची. शेवटी एका डॉक्टरांनी सरळ विचारलं, “पिल्लांवर एवढा खर्च करता, तर आईचं नसबंदीचं ऑपरेशन का करत नाही?” मी गप्प बसले. त्या मांजरीची तोवर पाच वेतं झाली होती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी जन्म थांबवायचे. मग त्यातलं कोण माणसांच्या घरात सुखाने राहू शकतं ते ओळखायचं. आणि घर शोधायचं ते फक्त तेवढ्यांसाठी. तुमच्या ११ मधल्या निम्म्यांचं घर बहुतेक तुमचं पार्किंगच असेल, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

पर्शियन मात्र या क्रमात बसत नाही. तिला आज रात्रीच आत घ्या. पार्किंगमध्ये जन्मलेलं मांजर कुत्रा आला की कुठल्या पाइपवरून कुठल्या छज्जावर जायचं हे आईच्या मागे फिरून शिकलेलं असतं. हिला ते कोणी शिकवलेलं नाही. लांब केसांच्या गुठळ्या होतात, त्या कातडी ओढतात, खाली जखम होते आणि पावसाळ्यात तिथे अळ्या पडायला वेळ लागत नाही. त्या गुठळ्या घरच्या कात्रीने कापू नका. मांजराची कातडी पातळ असते, केसांबरोबर वर उचलली जाते आणि कापली जाते. केसांचं मशीन चालवणाऱ्याकडून काढून घ्या. मग त्या भाडेकरूला फोन करा. भांडायला नको, लसीचं पुस्तक, वय आणि ऑपरेशन झालंय का एवढं विचारायला. आणि ‘मांजर आम्ही सोडलं आहे, दुसऱ्याला द्यायला हरकत नाही’ असा मेसेज मागून घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी मांजर गुबगुबीत झालं की मालकी आठवते. पाळलेला प्राणी असा टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. तेव्हा तिथे जीव आटवण्यापेक्षा तो मेसेज जास्त कामाचा.

पर्शियनला घर चटकन मिळतं, आणि धोका तिथेच आहे. पहिले चार फोन ‘मेटिंगसाठी’ म्हणून येतील. ऑपरेशन केल्याशिवाय ती कोणालाही देऊ नका. चपट्या नाकाच्या मांजरांना भूल देताना श्वासाची जास्त काळजी घ्यावी लागते, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

आता उरलेली दहा. ती खरंच दहा आहेत का? मी आजवर ज्या ज्या सोसायटीत गेले, तिथला सांगितलेला आकडा चुकीचा निघाला. खायला घालणाऱ्यांना खायला येणारी दिसतात. पाजणारी आई अपरात्री येते, भित्रा बोका कोणी नसताना येतो. खरी जनगणना वॉचमनकाकांकडे आणि झाडूवाल्या मावशींकडे असते. कोण कुठे व्यायली, कोणाचा पाय मोडलाय, बी विंगचा काळा बोका शेजारच्या सोसायटीतून येतो, हे सगळं त्यांना पाठ. एक आठवडाभर रोज एकाच वेळी, एकाच जागी खाणं ठेवा आणि प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. नावं ठेवा, नाहीतर ‘तो पांढरा’ म्हणजे कोणता यावर तुमच्यात भांडणं होतील. रंगाची थोडी मदत होते. काळा-पांढरा-केशरी असे तीन रंग असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, आणि पूर्ण केशरी असलं तर बहुतेकदा नर. गालफडं फुगलेली, मान जाड, तो मोठा झालेला आणि ऑपरेशन न झालेला बोका.

ही मोजणी चालू असतानाच स्वभावही कळू लागतो. शेपूट उभी करून पायाशी येणारं, तुमच्याकडे बघून म्याव म्हणणारं मांजर कधीतरी माणसांत राहिलेलं असतं. रानटी वाढलेलं मोठं मांजर माणसाकडे बघून सहसा आवाजच काढत नाही. ते लांब बसून तुम्ही जायची वाट बघतं. मात्र पिंजऱ्यातल्या वागण्यावरून निकाल देऊ नका. पिंजऱ्यात घरचं लाडावलेलं मांजरही फिस्कारतं, पंजे मारतं, भिंतीला चिकटून बसतं. अशा मांजराला शांत खोलीत, झाकलेल्या पिंजऱ्यात निदान दोन-तीन दिवस द्या. त्यातली काही तिसऱ्या दिवशी डोकं घासायला येतात, आणि मग कळतं की ही कोणाची तरी होती. नुसती टाकून दिलेली आणि जन्मापासूनची रानटी यांतला फरक ओळखणं ही या कामातली खरी अक्कल. ती वाचून येत नाही, दहा-बारा वेळा फसून येते.

पिल्लांचं वेगळं. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात त्यांना माणसांची सवय लागते. तेवढ्या काळात हाताळली तर रानटी आईची पिल्लंही मांडीवर झोपणारी होतात. चार-पाच महिन्यांचं, कधी हात न लागलेलं पिल्लू माणसाळवायला महिने जातात आणि तरी खात्री नाही. तुमच्याकडे जागा एक आणि पिल्लं दोन असतील, एक सहा आठवड्यांचं आणि एक पाच महिन्यांचं, तर छोट्याला आत घ्या. मोठ्याचं ऑपरेशन करून परत जागेवर सोडा. मला हे म्हणताना अजूनही जड जातं, पण मी हेच करते.

कमिटीशी बोलायचं ते हातात मोजणीची यादी घेऊन. येऊरची कल्पना वाईट का आहे हे त्यांना त्यांच्या फायद्याच्या भाषेत सांगा. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची कड, तिथे बिबटे आहेत. सोडलेली मांजरं एकतर मरतील नाहीतर जंगलातले पक्षी, सरडे मारत जगतील. दोन्ही वाईट. आणि इकडे काय होईल? कचरा तोच, उंदीर तेच, आडोसा तोच. जागा मोकळी झाली की शेजारची ऑपरेशन न झालेली मांजरं त्यात येतील. वर्षभरात पुन्हा तेवढीच, फक्त सगळी अनोळखी आणि सगळी विणारी. उलट ऑपरेशन झालेली मांजरं आपली जागा धरून राहतात. रात्रीच्या मारामाऱ्या, माजावर आलेल्या मांजरीचं ते रडणं, गाडीच्या टायरवर बोक्याने मारलेल्या पिचकाऱ्या, कमिटीच्या बहुतेक तक्रारी याच असतात आणि त्या ऑपरेशननंतर खूप कमी होतात. ‘मुक्या जिवांवर दया करा’ हे भाषण मी मीटिंगमध्ये कधीच करत नाही. ज्यांना पटतं त्यांना ते आधीच पटलेलं असतं.

कायदा खिशात असू द्या, टेबलावर आपटू नका. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत वस्तीतल्या प्राण्यांना खायला घालण्याची जागा आणि वेळ ठरवून देणं हे सोसायटीचं काम म्हटलं आहे. ती जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब असावी असंही त्यात आहे. याचा दुसरा अर्थ असा की लिफ्टसमोर ताटली ठेवणाऱ्या आपल्याच मैत्रिणीला आपण थांबवायला हवं. अर्ध्या तासात भांडी उचला, जागा पुसा. विष घालण्याची भाषा कोणी केली तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ शांतपणे वाचून दाखवा. प्राण्याला मारणं, विष घालणं, अपंग करणं याला ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

मांजरं येऊ नयेत म्हणून कोणी पार्किंगमध्ये डांबराच्या गोळ्या टाकत असेल किंवा सारखं फिनाईल ओतत असेल तर तेही थांबवा. दोन्ही मांजरांना विषारी आहेत. पंजे चाटून साफ करायची त्यांची सवय असते, त्यातून ते पोटात जातं. घरच्या औषधांमध्ये तापाची साधी पॅरासिटॅमॉल मांजराला ठार करते, एक गोळीही पुरते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी पाठीवर टाकायचे काही थेंब असतात, त्यातलं परमेथ्रिन हे कीटकनाशकही तसंच. तुमच्या पाचजणींत कोणीतरी प्रेमाने हे देऊन बसेल, म्हणून आधीच सांगतेय.

आता पकडण्याबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

पोतं, चादर, हातमोजे घालून झडप, यातलं काहीही नको. पोत्यात मांजर गुदमरतं, आणि हाताने धरलेलं रानटी मांजर हाडापर्यंत चावतं. पायपट्टीवर पाय पडला की दार पडणारा पिंजरा हवा. प्राण्यांच्या संस्था तो अनामत रक्कम घेऊन वापरायला देतात. ऑपरेशनची वेळ आधी ठरवा आणि मगच पिंजरा लावा. मांजर पिंजऱ्यात आणि डॉक्टर गावाला, असं मी एकदा करून बसले आहे. आदल्या दिवशीचं खाणं बंद ठेवा. भुकेलं मांजरच आत जातं आणि भुलीसाठीही मोठ्या मांजराचं पोट रिकामं लागतं. लहान पिल्लांना मात्र फार वेळ उपाशी ठेवायचं नसतं, त्यांची वेळ डॉक्टरांना विचारा.

आमिष वास मारणारं हवं. कोरडं कॅट फूड टाकून तासन्‌तास बसणारे लोक मी पाहिलेत. बांगडा भाजून ठेवा, तारली ठेवा, सुकट ठेवा, अर्ध्या सोसायटीला वास गेला पाहिजे. (शाकाहारी सोसायटीत यावरून वेगळंच महाभारत होतं, तेव्हा जागा विचारपूर्वक निवडा.) पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र घाला, जाळी पायाला टोचली की मांजर मागे फिरतं. दारापासून आतपर्यंत चिमूट-चिमूट ठेवत जा आणि मोठा तुकडा पायपट्टीच्या पलीकडे. मग लांब बसा, पण नजरेच्या टप्प्यात. लावलेला पिंजरा सोडून घरी जायचं नाही, कधीच नाही. दार पडलं की मांजर वेड्यासारखं आपटतं, नाक फोडून घेतं. त्याच क्षणी पूर्ण पिंजऱ्यावर जाड चादर टाका. अंधार झाला की अर्ध्या मिनिटात ते गप्प होतं. ‘बघू तरी कोण आहे’ म्हणून दार किलकिलं करायचं नाही. मेमध्ये बंद गाडीत पिंजरा ठेवून चहाला थांबायचं नाही.

एखादं मांजर पिंजऱ्याला ओळखून असतं. त्याच्यासाठी दार दोरीने उघडं बांधून ठेवा आणि आठवडाभर रोजचं जेवणच आत द्या. कोथरूडच्या एका सोसायटीतल्या केशरी बोक्याने मला अकरा महिने फिरवलं. पिंजऱ्यात शेपटीचं टोक बाहेर ठेवून जेवायचा, दार पडलं की शेपटीवर अडकायचं आणि हा मागच्या मागे पसार. शेवटी लांब पिंजरा आणला तेव्हा आला.

पकडलेलं मांजर मादी असेल तर डॉक्टरांना पहिली गोष्ट तपासायला सांगा, तिला दूध आहे का. आहे तर कुठेतरी पिल्लं वाट बघतायत. एकदा घाईत मी हे विचारलं नाही, मांजरी तीन दिवस ठेवून घेतली. चौथ्या दिवशी मीटर रूममधून वास आला. तेव्हापासून मी पाजती मांजरी दिसली की शक्यतो पिल्लं पाच-सहा आठवड्यांची होऊन खायला लागेपर्यंत थांबते. थांबता येत नसेल, म्हणजे कमिटीने मुदतच दिली असेल, तर कुशीतून छेद घेऊन ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे नेते आणि शुद्धीवर येऊन नीट चालायला लागली की दुसऱ्या दिवशी जागेवर सोडते. पण फार थांबूही नका. पिल्लं अंगावर पीत असतानाच मांजरी पुन्हा गाभण राहू शकते, आणि गाभणकाळ जेमतेम ६३ ते ६५ दिवसांचा. चार-पाच महिन्यांची, स्वतःच पिल्लू वाटणारी मादीही माजावर येते. म्हणून ‘अजून लहान आहे’ हे कारण ऐकू नका. साधारण एक किलो वजन आणि तब्येत ठणठणीत असली की बरेच डॉक्टर ऑपरेशन करतात.

गाभण मांजरीचं काय, हा प्रश्न तुमच्यात येईलच. सुरुवातीच्या दिवसांत डॉक्टर ऑपरेशन करतात आणि गर्भ जातो. मी ते करून घेते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघी नाही करत. पिंजरा हातात असताना यावर वाद घालू नका, आधीच बसून ठरवा.

भुलीत असतानाच डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत, साधारण एक सेंटिमीटर, कापून घ्यायला विसरू नका. लोक हळहळतात, पण ते दुखत नाही, आणि लांबून कळतं की हिचं झालंय. नाहीतर तिलाच पुन्हा पकडून पुन्हा पोट उघडल्याचे प्रकार होतात. कानाला नुसती खाच पाडली तर ती मारामारीत फाटलेल्या कानासारखी दिसते. ऑपरेशननंतर बोक्याला एक दिवस आणि मांजरीला दोन-तीन दिवस पिंजऱ्यातच, झाकून ठेवा. मग जिथून उचललं तिथेच सोडा. तिथेच म्हणजे ए विंगचं ए विंगला.

तुम्हा पाचही जणींनी रेबीजची आधीच घ्यायची लस डॉक्टरांना विचारून घेऊन टाका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं घड्याळ लावून धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद भरून घरी बसायचं नाही.

पिल्लं सापडल्याचे फोन तुम्हाला आता येत राहतील. आपल्याकडे म्हणतात, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. सात नसतील, पण फिरवते हे खरं. दोन पिल्लं पोचवून तिसऱ्यासाठी ती परत यायच्या आत कोणीतरी दयाळू माणूस ते तिसरं उचलून तुमच्याकडे आणतो. त्याला सांगा, लांब उभा राहा आणि काही तास बघ. पोट टम्म, अंग स्वच्छ, गप्प झोपलेलं पिल्लू म्हणजे आई जवळपास आहे. गार पडलेलं, सतत ओरडणारं, मुंग्या लागलेलं असेल तर उचला.

उचललंत तर पहिलं काम ऊब. गार पिल्लाच्या पोटात दूध घातलं तर ते पचत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, अंग कोमट झालं की मग दूध. गाईचं-म्हशीचं नाही, हगवण लागते आणि दोन दिवसांत पिल्लू जातं. मांजरांच्या पिल्लांची दुधाची पावडर मिळते. पालथं ठेवूनच पाजायचं. आपल्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. तीन आठवड्यांपर्यंत दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पुसून शी-शू करवायची, ती त्यांना आपली आपण होत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा. जन्मताना साधारण १०० ग्रॅमचं पिल्लू रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं. वजन थांबलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आणि एका वेळी एका घरात एकच वेत. ही अट मी माझ्या चुकीने शिकले. पावसाळ्यात माझ्याकडची चार पिल्लं पॅनल्यूकोपेनिया या विषाणूच्या आजाराने गेली. उलट्या, हगवण, दोन दिवसांत सगळी. मी बाथरूम धुतलं, दोन महिने थांबले, नवीन तीन पिल्लं आणली आणि तीही तशीच गेली. तो विषाणू जागेत वर्षभर टिकू शकतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. ब्लीच लागतं, सोडियम हायपोक्लोराइट, एक भागाला ३२ भाग पाणी, आणि तेही आधी घाण साफ करून मग. तेव्हा एखाद्या घरात पिल्लं अशी गेली असतील तर त्या घरात पुढे फक्त लस झालेली मांजरं. ट्रायकॅटची, म्हणजे या आजारासकट तीन आजारांवरची, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा. रेबीजची साधारण तीन महिन्यांनंतर.

घर शोधणं हे वाटतं तेवढं अवघड नाही. घर नाकारणं अवघड. मी फोटो टाकते तेव्हा मांजराच्या खोड्या आणि आजार आधी लिहिते, गोंडसपणा फोटोत दिसतोच. मग फोनवर गप्पा मारते, चौकशी केल्यासारखं नाही. मांजरं रस्त्यावर येतात ती साधारण ठरावीक कारणांनी: भाड्याचं घर बदललं, घरमालक नाही म्हणाला, बदली झाली, सून गरोदर राहिली, बाळाला दमा होईल असं आजी म्हणाली. तेव्हा बोलणं त्याच वाटेने न्यायचं. भाड्याने राहता का, घरमालकाला विचारलंय का? घरातल्या सगळ्यांना हवंय की फक्त दहावी संपलेल्या मुलाला?

गरोदरपणाची भीती खरी असते, तिला हसू नका. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून येऊ शकतो. पण मांजर तो सहसा आयुष्यात एकदाच, एक-दोन आठवडे सोडतं, आणि विष्ठा पडल्यावर तो बाधक व्हायला निदान एक दिवस लागतो. ट्रे रोजच्या रोज घरातल्या दुसऱ्या कोणी साफ केला की तो धोका खूपच कमी होतो. अर्धवट शिजलेलं मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही तो येतो, त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. दम्याचंही तसंच. ‘मांजराचा केस’ म्हणतात, पण अ‍ॅलर्जी मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीवरच्या प्रथिनाची असते. ज्या घरात कोणाला दमा आहे त्यांना आधी दोन-तीनदा येऊन मांजराजवळ बसायला सांगा.

‘आम्ही शाकाहारी आहोत, दूध-पोळी घालू’ असं म्हणणारी घरं आपल्याकडे खूप. मनाने चांगली माणसं असतात. पण मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांसातूनच येतं, आणि ते मिळालं नाही तर डोळे जातात, हृदय जातं. त्यांना विचारा, तयार कॅट फूड घरात चालेल का? चालत असेल तर द्या, चालत नसेल तर गोड बोलून नाही म्हणा.

खिडक्यांना जाळी नसेल तर मी देत नाही. यावर माझी मैत्री तुटलेली आहे. ‘आमची मांजर हुशार आहे, पडणार नाही’ असं म्हणणाऱ्याच्या सातव्या मजल्यावरून कबुतरामागे उडी मारलेलं मांजर मी खालून उचललेलं आहे. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं, तारेची हवी. काळं मांजर ‘काळंच हवं’ म्हणून मागणारा माणूस अमावास्येच्या आधी उगवला तर त्याला टाळा. एरवी काळ्या मांजरांना घर मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तो धीर धरा. जमलं तर पिल्लं जोडीने द्या.

मांजर स्वतः घरी नेऊन सोडा, घर डोळ्यांनी बघा. पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवायला सांगा. पळून जायची वेळ याच दिवसांत येते, दूधवाल्यासाठी दार उघडलं की गेलं. असं झालं तर लांब शोधत बसू नका. घाबरलेलं मांजर बहुतेकदा त्याच इमारतीत, जिन्याखाली, डक्टमध्ये, एखाद्या गाडीखाली गप्प बसलेलं असतं, रात्री सामसूम झाल्यावर हाक मारत शोधा. आणि दोन आठवड्यांत नाही जमलं तर मांजर परत माझ्याकडे, एकही प्रश्न न विचारता, हे आधीच सांगून ठेवा. लाजेने कोणी रस्त्यावर सोडू नये म्हणून.

तुम्हा पाचजणींबद्दल दोन शब्द. पाचहीजणी खायला घालतात आणि पाचहीजणींना मांजरं आवडतात, एवढ्यावर गट चालत नाही. जिच्याकडे गाडी आहे तिच्याकडे ने-आण. जिला माणसांशी बोलता येतं तिच्याकडे फोन आणि कमिटी. एकीकडे हिशोब, पै-पैचा, बिलांच्या फोटोंसह ग्रुपवर टाकलेला. मी पाहिलेले मोडलेले गट बहुतेक पैशांवरून मोडले, आणि त्यातल्या कोणीही पैसे खाल्लेले नव्हते, फक्त लिहून ठेवले नव्हते. खासगी दवाखान्यात एका ऑपरेशनला काही हजार लागतात, संस्थांकडे बरंच कमी, पण तिथे नंबर लागतो. मुंबईत परळचं बाई साकरबाई हॉस्पिटल, ज्याला आपण अजून बैलघोडा म्हणतो, तिथेही चौकशी करा. सगळ्यांना एकदम न्यायचा विचार नको. आधी माद्या, मग बोके.

बातमी पसरली की शेजारच्या सोसायट्यांमधून फोन येतील, ‘मॅडम, इथे एक मांजर आहे, घेऊन जा.’ माझं ठरलेलं उत्तर: पिंजरा मी देते, डॉक्टर मी सांगते, येऊन दाखवतेसुद्धा, पण न्यायचं तुम्ही. निम्मे लोक तिथेच फोन ठेवतात. उरलेल्या निम्म्यांतून आमचे आत्ताचे बरेचसे कार्यकर्ते आले.

एक शेवटचं, तुमची जागा जंगलाच्या कडेला आहे म्हणून. कुंपणापलीकडे झाडी असेल तर खाण्याची जागा त्या बाजूला अजिबात नको. इमारतींच्या आतल्या अंगाला आणा. मांजरं पक्षी मारतात, आपण त्यांच्यावर कितीही प्रेम केलं तरी.

पिंजरा मिळेपर्यंत तीन-चार दिवस जातीलच. तेवढ्यात वॉचमनकाकांना चहा पाजा आणि विचारून ठेवा, मीटर रूममध्ये कोणी व्यायली आहे का.